नवस, भाकणूक आणि देवीचा वण

सांगलीहून मिरजेला जाणारा रस्ता सुमारे दहा किलोमीटरांचा आहे आणि त्याच्या जवळजवळ मध्यावर विश्रामबाग लागते. बाजाराला, कोर्टाला किंवा दवाखान्याला म्हणून तुमच्यापैकी पुष्कळजण या रस्त्याने गेलेले असतील. विलिंग्डन कॉलेज येथलेच, १९१९ सालचे. १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले. त्याच परिसरात वानलेसवाडी आहे. शेवटी 'वाडी' असल्यामुळे नाव आपल्याकडचेच वाटते, पण वानलेस हे एका कॅनेडियन डॉक्टरचे आडनाव. रस्त्याच्या मिरजेकडच्या टोकाला मीरासाहेबांचा दर्गा, सांगलीकडच्या टोकाला कृष्णेवरचा आयर्विन पूल. नदीपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात उतरले, की पट्टणकोडोली. तिथल्या यात्रेत दरसाल भाकणूक होते.

एवढ्याशा टापूत माणसाने दुखण्यावर आणि उद्याच्या काळजीवर शोधलेले सगळे उपाय शेजारीशेजारी नांदताना दिसतात. आजारी माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक, बरे वाटावे. आणि दुसरी, बरे वाटणार आहे असे कोणीतरी त्याला सांगावे. पहिली गोष्ट उपचाराची झाली, दुसरी भविष्याची. आपल्या खेड्यांत या दोन्ही गोष्टी फार दिवस एकाच माणसाकडे होत्या. देवऋषी अंगाराही द्यायचा आणि कौलही लावायचा. त्या दोहोंची फारकत कशी होत गेली, तो इतिहास मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आधी दर्ग्याकडे जाऊ. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब हे सूफी संत. त्यांच्या उरुसात हिंदू-मुसलमान दोघेही येतात, आणि गलेफ चढवण्यात चर्मकार समाजाचा मान असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. या दर्ग्याशी एका फार मोठ्या गवयाचे नाव जोडलेले आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तरेकडच्या किराण्याचा. प्लेगच्या साथीच्या दिवसांत ते मिरजेत असताना त्यांना प्लेगची बाधा झाली, त्यांनी दर्ग्यात गाऊन मीरासाहेबांची करुणा भाकली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत घरोघर सांगतात. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते वारले, तेव्हा त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केला. आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, आणि मोठमोठे गायक तिथे एक पैसा न घेता हजेरी लावून जातात.

आता कोणी विचारील, प्लेग दर्ग्यात गाण्याने बरा होतो काय? आपण या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले पाहिजे. प्लेग १८९६ साली मुंबईत उतरला आणि नंतरच्या वर्षांत त्याने आपल्या भागातली गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहायला लावली. हाफकिन यांची लस १८९७ साली तयार झाली होती खरी, पण गाठ उठल्यावर देता येईल असे खात्रीचे औषध तेव्हा कोणापाशीच नव्हते. डॉक्टरकडेही नव्हते आणि हकिमाकडेही नव्हते. गाठीच्या प्लेगात पुष्कळ माणसे मरत, पण काही वाचतही असत. जे वाचत त्यांनी कोणाचे ना कोणाचे नाव घेतलेले असे. ज्यांनी तेच नाव घेतले आणि जे गेले, त्यांची आख्यायिका सांगायला मागे कोणी उरले नाही. असा हिशेब मांडला म्हणजे त्या थोर गवयाच्या श्रद्धेला धक्का लागतो असे मला वाटत नाही. जिथे औषधच नव्हते तिथे त्यांनी औषध सोडून दर्गा धरला, असे झालेले नाही. त्यांच्या त्या कृतज्ञतेतून मिरजेला जे गाणे मिळाले, ते तर आपल्या सर्वांचेच झाले.

डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून सांगलीत आले आणि पुढे मिरजेस गेले. १८९४ साली त्यांनी तिथे रुग्णालय उघडले. शस्त्रक्रियेसाठी, विशेषतः मोतीबिंदूसाठी, बैलगाड्या जोडून लांबलांबच्या मुलखांतून माणसे मिरजेला येऊ लागली. आंधळा म्हणून गाडीत घालून आणलेला माणूस आपल्या पायांनी परत जातो, हे लोकांना चमत्कारासारखेच वाटले असणार. डॉक्टर धर्मप्रसारासाठी आले होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण मोतीबिंदू काढताना त्यांच्या हातातल्या हत्याराने कोणाचा धर्म विचारला नाही, आणि हेच हत्यार पुढे इथल्या मुलांनी हाती घेऊन तितक्याच सफाईने चालवले. गंडा-दोरा आणि शस्त्रक्रिया यांतला फरक मला इथे दिसतो. गंड्याची शक्ती तो बांधणाऱ्यात असते, म्हणून ती दुसऱ्याला शिकवता येत नाही. शस्त्रक्रिया वर्गात शिकवता येते.

वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले. क्षय म्हणजे त्या काळी मरणाचे दुसरे नाव. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचे जंतू दाखवून दिले, पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे होत नाही. मध्ये साठ वर्षे गेली. तोवर मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि धीर एवढाच इलाज होता. पैसेवाला आरोग्यधामात वर्ष-वर्ष पडून राही. गरिबाला घरातला एक कोपरा, वेगळे ताट, वेगळी वाटी. सून आजारी पडली तर तिला माहेरी पाठवून देत आणि पुष्कळदा तिथेच तिचा शेवट होई. देवऋषी सांगे बाहेरची बाधा आहे, वैद्य सांगे पथ्य पाळा, आणि सगळ्यांनाच मनातून ठाऊक असे की हे माणूस आता फार दिवसांचे नाही.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि चित्र पालटले. तरीही आपल्यासारख्या देशापुढे मोठी अडचण होती. रोगी लाखांनी, खाटा हजारांनी. मग १९५६ पासून मद्रासला एक प्रयोग झाला. माझ्या मते गेल्या शतकात गरिबांसाठी झालेल्या सर्वांत मोठ्या कामांत त्याची गणना व्हावी, पण आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो सापडत नाही. शहरातल्या गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात खाट, चांगले अन्न आणि विश्रांती. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या, पण घरी, दाटीच्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर. वर्षभराने पाहिले, तर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच. घरी राहिलेल्यांच्या बायकामुलांना रोग जास्त झाला म्हणावे, तर तेही नाही. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले, आणि साऱ्या जगात क्षयाचा उपचार आरोग्यधामातून घराच्या ओसरीवर आला. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानेही आशा धरावी, असे मद्रासच्या त्या आकड्यांनी सांगितले. पूर्वी एखाद्या साधुपुरुषाने असे सांगितले असते, तर आपण त्याला दैवी वाणी म्हटले असते.

मग स्पर्शाने, फुंकरीने, मंत्राने बरे करणाऱ्यांचे काय? ते सगळेच लबाड असतात असे मी म्हणत नाही. काही लबाड असतात, काही स्वतःच फसलेले असतात, आणि काही खरोखरच कनवाळू असतात. त्यांच्या हाताने लोकांना बरे वाटते हेही खोटे नाही. ते कशाने वाटते, हा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला पहिल्यांदा शास्त्रीय कसोटी लावली गेली ती सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, पॅरिसमध्ये. ती गोष्ट इतकी नामी आहे की थोडी सविस्तर सांगतो. शिक्षकांनी ती वर्गात जरूर सांगावी.

फ्रान्झ मेस्मर नावाचा एक डॉक्टर १७७८ साली व्हिएन्नाहून पॅरिसला आला. माणसामाणसांत एक अदृश्य चुंबकशक्ती वाहते, ती अडली की रोग होतो आणि ती माझ्या हातांनी मोकळी होते, असे तो सांगे. त्याच्या दिवाणखान्यात एक मोठे लाकडी पिंप असे, त्यातून लोखंडी गज बाहेर काढलेले. रोगी ते गज दुखऱ्या जागी लावून बसत, मेस्मर हात फिरवी, आणि कोणी रडे, कोणी थरथरे, कोणी बेशुद्ध पडे. आपल्याकडच्या अंगात येण्याशी याचे किती साम्य आहे पाहा! सगळे पॅरिस त्याच्या मागे लागले. तेव्हा १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीला विद्वानांची समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता आणि विजेच्या शोधामुळे नावाजलेला अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिनही होता. फ्रँकलिन म्हातारा आणि आजारी असल्यामुळे काही प्रयोग त्याच्या घरीच झाले.

मेस्मरच्या एका शिष्याने फ्रँकलिनच्या बागेतले एक जर्दाळूचे झाड 'भारून' ठेवले. मग एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून आणले. हा मुलगा या शक्तीला चटकन वश होतो, अशी त्याची ख्याती होती. त्याला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. पहिल्यापाशी त्याला घाम फुटला, दुसऱ्यापाशी डोके जड झाले, तिसऱ्यापाशी ते वाढले, चौथ्यापाशी तो बेशुद्ध होऊन पडला. गंमत अशी, की या चारांपैकी एकही झाड भारलेले नव्हते. भारलेले झाड लांबच राहिले होते. मुलगा खोटे वागत नव्हता, त्याला खरोखरच घेरी आली होती. पण ती झाडातून आली नव्हती, त्याच्या स्वतःच्या मनातून आली होती. समितीने निर्णय दिला की चुंबकशक्ती असल्याचा पुरावा नाही, जे घडते ते कल्पनेने घडते.

आता या निर्णयाचा एक भाग लोक विसरतात. कल्पनेने घडते, म्हणजे काहीच घडत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. धीर दिल्याने वेदना कमी जाणवते, झोप लागते, धाप लागलेला माणूस शांत होतो. आई मुलाच्या गुडघ्यावर फुंकर घालते तेव्हा हेच होते. आपल्याच देशात हुगळीला डॉ. एस्डेल याने १८४५ साली मेस्मरच्याच पद्धतीने रोग्यांना गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले, आणि ती पद्धत मागे पडली. तेव्हा मनाचा परिणाम खरा. फक्त तो कुठवर पोचतो हे ओळखले पाहिजे. क्षयाच्या जंतूला धीराचे शब्द ऐकू येत नाहीत.

आणि सापाच्या विषाला तर मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे. नागपंचमीला जिवंत नाग पूजण्याची तिथली परंपरा सगळ्यांना माहीत आहे. साप उतरवणारा मांत्रिक यशस्वी का होतो, याचे कारण अगदी साधे आहे. आपल्याकडे शेतात-घरात सापडणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी. जिवाला धोका मुख्यतः चौघांचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. त्यांतलाही एखादा चावतो पण विष सोडत नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्या दहांतले कितीतरीजण काही न करताही घरी आले असते. ते आले की मांत्रिकाची कीर्ती वाढते. जो गेला त्याच्याबद्दल म्हणतात, उशीर झाला, काळच चावला होता. पण उशीर कशाने झाला? मंत्र चालला होता तेवढा वेळ विषही चालतच होते. प्रतिविषाची कुपी उघडायला जो तास लागत नाही, तो तास देवळाच्या पारावर गेला.

विंचवाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कोकणातला लाल विंचू मुलांना मारतो. 'विंचू उतरवणारे' गावोगाव होते, आणि गंमत म्हणजे त्या काळी दवाखान्यातही नेमका इलाज नव्हता. महाडकडे सरकारी आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपणे केली, विष हृदयावर काय करते ते ताडले, आणि प्राझोसीन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या स्वस्त गोळीने ते रोखता येते हे दाखवून दिले. आधी गंभीर रोग्यांत शंभरांतले तीस-चाळीस दगावत, तिथे हे प्रमाण एकावर आले. ही अलौकिक शक्ती कुठे परदेशात सापडली नाही, आपल्याच एका तालुक्याच्या आरोग्य केंद्रात सापडली.

आता भविष्याकडे वळू. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा पायी येतात, भंडाऱ्याने सगळे आभाळ पिवळे होते, हातात तलवार घेऊन हेडाम नाचतात, आणि मग भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, कोणते धान्य पिकेल, भाव काय राहतील, रोगराई, राजकारण. धनगर समाजाचे हे मोठे वैभव आहे आणि ते पाहताना अंगावर काटा येतो, हे मी मोकळेपणाने म्हणतो. विदर्भात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी करून असेच अंदाज सांगतात. शेतकऱ्याच्या गळ्याशी पावसाचा फास असतो, तेव्हा कोणीतरी उद्याचे बोलावे असे त्याला वाटणारच. पण भाकणुकीची भाषा नीट ऐका. ती बहुधा अशी असते की कुठे ना कुठे, कसे ना कसे खरे व्हावे. राजकारणात उलथापालथ होईल, हे कोणत्या वर्षी खोटे ठरले आहे?

याच्या शेजारी सहदेव-भाडळीची वचने ठेवून पाहा. त्यांतली पुष्कळ चुकतात, पण त्यांच्यामागे ढग, वारा, मुंग्या, कावळ्याचे घरटे पाहणारी डोळस माणसे होती. हवामानखात्याने १८८६ साली मान्सूनचा पहिला अंदाज दिला तो हिमालयातल्या बर्फावरून. तेव्हापासून हे खाते चुकते आहे, आपण त्याला हसतोही आहोत. पण ते चुकते तेव्हा चुकल्याचे आकडे स्वतःच छापते आणि पुढच्या साली हिशेब बदलते. म्हणून आज तुफान येण्याआधी चार दिवस किनारा रिकामा करता येतो.

भविष्याच्या भीतीने सगळा देश कसा हलतो, ते १९६२ साली दिसले. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना 'अष्टग्रही' असा नुसता शब्द म्हणून पाहा. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीच्या दरम्यान सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठजण मकर राशीत एकत्र आले. वर ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण. प्रलय होणार, पृथ्वी दुभंगणार, अशी हूल उठली. जागोजाग यज्ञ झाले, तुपाचे डबेच्या डबे अग्नीत गेले, पुष्कळांनी प्रवास आणि लग्ने पुढे ढकलली. पंतप्रधान नेहरूंनी या भीतीची उघड थट्टा केली. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सार्वत्रिक निवडणूक होती, आणि जग बुडणार असतानाही उमेदवार मते मागत हिंडत होते, हे मला फार आवडते! ते तीन दिवस आले आणि गेले. सहाव्या तारखेला सूर्य नेहमीसारखा उगवला.

तुम्हाला वाटेल, भविष्य सांगणाऱ्यांचे तोंड बंद झाले असेल. तसे झाले नाही. काही म्हणाले यज्ञांमुळे संकट टळले. पुढे ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, तेव्हा काही म्हणाले, पाहा, अष्टग्रहीचे फळ. म्हणजे काही झाले नाही तरी भविष्य खरे, आणि आठ महिन्यांनी दुसरेच काही झाले तरी ते खरेच. युरोपातही १५२४ साली हेच घडले होते. फेब्रुवारीत मीन राशीत ग्रह एकत्र येणार, महापूर होणार, अशी शंभरावर पत्रके छापली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी तो महिना कोरडाच गेला. उलट आपल्या कोयनेचा भूकंप घ्या. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ती पहाट अगोदर सांगणारा ज्योतिषी माझ्या तरी ऐकिवात नाही.

खरा इशारा कसा असतो, ते पाहायचे असेल तर आयर्विन पुलावर जाऊन उभे राहा. हा पूल १९२९ सालचा. पाण्याची पातळी तिथे फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले आणि त्या पुराच्या खुणा भिंतींवर राहिल्या. लोकांनी त्या खुणेलाच भाकणूक मानले. पाणी याच्या वर कधी चढणार नाही, असे पुष्कळजण धरून चालले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेले. पुलावरचा आकडा आणि धरणातून किती पाणी सोडले याची बातमी, या दोन गोष्टी तासातासाला जे सांगत होत्या ते कोणत्याही देवऋषीपेक्षा खरे होते. पण जुन्या खुणेवर विसंबलेली माणसे माळ्यावर सामान टाकून तिथेच बसली. अंधश्रद्धा काही फक्त लिंबू-मिरचीचीच असते असे नाही.

विश्रामबागेचा आणि या विषयाचा आणखी एक संबंध आहे. नरेंद्र दाभोलकर हा साताऱ्याचा मुलगा विलिंग्डन कॉलेजात शिकला, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला, उत्तम कबड्डी खेळला. बारा-एक वर्षे दवाखाना चालवून त्यांनी तो सोडला आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आहे, अशी त्यांची भूमिका असे. खेडोपाडी शाळांतून त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी चमत्कार करून दाखवले आणि मग ते कसे केले हेही मुलांना सांगितले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, त्याचा वटहुकूम चारच दिवसांनी निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले.

हा कायदा शिक्षकांनी एकदा वाचून ठेवावा. त्यात वारी, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रे चावले असता माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गावात कोणी असे अडवत असेल तर त्याला ही कलमे वाचून दाखवण्याचे काम मास्तरांखेरीज दुसरे कोण करणार?

शेवटी एका भविष्यवाणीची गोष्ट सांगतो. ती खरी ठरली.

मराठीत एका रोगाचे नावच 'देवी' होते. दुसऱ्या कोणत्या रोगाला आपण असे नाव दिलेले नाही. मुलाच्या अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणत. घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचे डहाळे टांगायचे, औषध द्यायचे नाही, कारण औषध दिले तर देवी कोपेल. मूल वाचले तर वण राही, कधी डोळा जाई. एकट्या विसाव्या शतकात या रोगाने जगात सुमारे तीस कोटी माणसे नेली असा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांत मिळून इतकी मेली नाहीत. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्लंडातल्या खेड्यातल्या डॉक्टरने गाईच्या देवीची लस एका मुलाला टोचली. १८०१ साली त्याने लिहून ठेवले, की माणसाला छळणारा हा सर्वांत भयंकर रोग या उपायाने शेवटी पृथ्वीवरून नाहीसा होईल. तेव्हा हे वाक्य वेडाचेच वाटले असेल. पुढच्याच वर्षी, १४ जून १८०२ रोजी, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. लोकांनी विरोध केला, देवी कोपेल म्हणून मुले लपवून ठेवली. मग हळूहळू आपल्या भाषेनेच तोड काढली. लस टोचण्यालाच 'देवी काढणे' म्हणू लागले, आणि टोचणारा झाला 'देवीचा डॉक्टर'. रोगाचे नाव औषधाला मिळाले. असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

जेन्नरचे ते भाकीत आपोआप खरे झाले नाही. १९७४ साली देखील बिहार-उत्तर प्रदेशात देवीची मोठी साथ होती. तेव्हा हजारो कार्यकर्ते घरोघर, आठवड्याच्या बाजारात आणि शाळांत हिंडले. हातात फोड आलेल्या बाळाचे चित्र असलेले एक कार्ड असे. असे मूल कुठे पाहिलेत काय, एवढाच प्रश्न. मुले खरे बोलतात आणि गावातले सगळे त्यांना ठाऊक असते, म्हणून शाळेतली मुले या कामी फार उपयोगी पडली. रोगी दाखवून देणाऱ्याला बक्षीस. रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना लस. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातल्या अली माओ मालीन नावाच्या, रुग्णालयात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या तरुणाला जगातली शेवटची नैसर्गिक लागण झाली, आणि तो बरा झाला. पुढे पोलिओची लस घ्या म्हणून सांगत तो स्वतःच आपल्या देशात गावोगाव हिंडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केले की देवी पृथ्वीवरून गेल्या. जेन्नरच्या वाक्यानंतर १७९ वर्षांनी.

त्यानंतर देवीची लस टोचणे बंद झाले. म्हणून आज पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर तो गोल, पाचर मारल्यासारखा वण दिसतो आणि त्यांच्या मुलांच्या दंडावर दिसत नाही. माझ्या वडिलांच्या दंडावर तो आहे, माझ्या नाही. शाळेत पालकसभा असेल त्या दिवशी एखाद्या आजोबांना बाही वर करायला सांगा, आणि वर्गातल्या मुलांना तो वण बोटाने चाचपून पाहू द्या.